चिकोडीचे सुपुत्र कै. विष्णुपंत पागनीस

आपल्या भागातील पुष्कळशा घरांत, देवघरात किंवा माजघराच्या भिंतीवर, श्री तुकाराम महाराजांची एक तसबीर असते. मस्तकी पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि मुखावर एक प्रकारची विलक्षण सौम्यता. एकादशीला आपण त्या तसबिरीस हार घालतो, उदबत्ती ओवाळतो, मुलांना नमस्कार करावयास सांगतो. तुकोबाराय सतराव्या शतकात होऊन गेले. त्यांचे छायाचित्र असणे शक्यच नाही. मग हा चेहरा आपणांस मिळाला कोठून? अशा अनेक तसबिरींमागे जो जिवंत चेहरा उभा आहे, तो एका नटाचा आहे, आणि तो नट आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी गावी जन्मला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्या नटाचे नाव कै. विष्णुपंत पागनीस. निपाणीहून चिकोडीला जाणे हा आपल्याला नित्याचा प्रवास. परंतु त्या वाटेवरून जाताना या गुणी पुरुषाची आठवण आपल्याला क्वचितच होते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात येथे सादर करण्याचे योजिले आहे.

जन्म आणि भूमी

विष्णुपंतांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी चिकोडी येथे झाला. त्या काळी हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात मोडत असे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथे एकाच बाजारात, एकाच देवळात आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत आल्या आहेत. पंढरीची वाट तर दोन्ही भाषांच्या भक्तांनी सारखीच तुडविली आहे. अशा भूमीत भजनाचे आणि नाट्याचे बीज सहज रुजावे, यात नवल नाही. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या पिढ्यांतील असंख्य मुलांच्या मनात गाण्याची आणि नाटकाची ओढ निर्माण झाली. याच मातीत ‘कृष्णपारिजात’ हा कन्नड लोकनाट्याचा प्रकारही गावोगाव रात्री जागवीत होता. विष्णुपंतांचा जन्म झाला तो अशा वातावरणात.

रंगभूमीवरील उमेदवारी

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विष्णुपंत ‘स्वदेश हितचिंतक’ या नाटक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. पुढे ते संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीत गेले. केशवरावांनी ही मंडळी १९०८ साली हुबळीस स्थापिली होती. ते स्वतः ‘स्वदेश हितचिंतक’मध्येच लहानाचे मोठे झालेले आणि ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने नावारूपास आलेले. त्यांच्यासारख्या गायकनटाच्या सहवासात राहणे म्हणजे गायनाची एक पाठशाळाच होती. गळा गोड, चेहरा सात्त्विक आणि बांधा नाजूक असल्यामुळे विष्णुपंतांच्या वाट्यास स्त्रीभूमिका आल्या आणि त्यांत त्यांनी चांगले नाव मिळविले.

त्या काळी कुलीन घराण्यातील स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. त्यामुळे नायिकेची भूमिका तरुण मुलांनाच करावी लागे. आज आपल्याला ती गोष्ट चमत्कारिक वाटेल; परंतु ती एक अवघड साधना होती. नऊवारी लुगडे नेसून डौलाने चालणे, पदर सावरणे, मान कलती करून बोलणे, लाज, रुसवा, दुःख आणि वात्सल्य हे भाव डोळ्यांतून प्रकट करणे, हे सारे वर्षानुवर्षे घटवावे लागे. गावोगावचा मुक्काम, रात्र रात्र चालणारे प्रयोग आणि दिवसा तालीम असा तो क्रम. बालगंधर्वांसारख्या थोर नटाने या कलेला अपूर्व प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे. तरीही समाजाची दृष्टी दुटप्पीच होती. प्रयोग पाहताना लोक डोळ्यांत पाणी आणीत. परंतु आपल्या घरातील मुलाने नाटक कंपनीत जावे, असे कोणासही वाटत नसे. त्यातून स्त्रीपार्टी नटाचे आणखी एक दुःख असे. वय वाढे, आवाज बदले, बांधा भरे, आणि ज्या भूमिकांनी कीर्ती दिली त्या हातातून निसटत जात. पुरुषाच्या भूमिकेत उभे राहावे तर अंगी मुरलेले मार्दव आड येई.

विष्णुपंतांनी रंगभूमीपासून दूर झाल्यावर संगीताचा आश्रय घेतला. मुंबईत ते संगीतशिक्षक म्हणून काम करीत आणि भजनगायक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. वयाची चाळिशी उलटली तेव्हा त्यांच्या नाट्यजीवनाचा उत्कर्षकाळ संपला, असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मात्र ज्या कार्यासाठी त्यांचे नाव राहावयाचे होते, ते अद्याप यावयाचेच होते.

प्रभात आणि तुकोबांची भूमिका

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात फिल्म कंपनी’ १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिचे दोन आधारस्तंभ म्हणजे विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. दामले मूळचे कोकणातील पेणचे, तर फत्तेलाल कागलचे, म्हणजे निपाणीच्या अगदी शेजारचे. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले, यंत्र आणि चित्रकला या दोन्ही विद्यांत निष्णात. या जोडीने संत तुकारामांच्या चरित्रावर चित्रपट काढण्याचे ठरविले. शिवराम वाशीकर यांनी कथा-संवाद लिहिले, केशवराव भोळे यांनी संगीत दिले आणि शांताराम आठवले यांनी गीते रचली. एका मुसलमान कलावंताने एका वैष्णव संताचे चरित्र इतक्या प्रेमाने उभे करावे, ही गोष्टही आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कलेच्या आणि भक्तीच्या प्रांतात मनाची शुद्धता तेवढी विचारली जाते.

तुकोबा कोणी व्हावयाचे, हा प्रश्न आला तेव्हा विष्णुपंत पागनिसांचे नाव पुढे आले. परंतु ते सर्वांना एकदम रुचले नाही. जन्मभर लुगडे नेसून रंगभूमीवर वावरलेला नट, ज्याच्या हालचालींत अजून स्त्रीसुलभ नाजूकपणा आहे, त्याने देहूच्या त्या कणखर, कुणबी वृत्तीच्या, संसाराचे चटके सोसलेल्या तुकोबांची भूमिका करावी? दिग्दर्शकांच्या मनातही प्रारंभी ही शंका होती, आणि वारकरी मंडळींतूनही आक्षेप घेतला गेला. शंकेला आधारही होता. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रभातने ‘धर्मात्मा’ चित्रपटात प्रत्यक्ष बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत उभे केले होते. परंतु त्यास अपेक्षित यश लाभले नव्हते. जे बालगंधर्वांना साधले नाही, ते पागनिसांना कसे साधणार, असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता.

अशा वेळी विष्णुपंतांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी भूमिकेकडे केवळ पोशाख आणि पाठांतर म्हणून पाहिले नाही. ते देहूस गेले आणि महाराजांच्या स्थानाचे दर्शन घेऊन मगच कामास लागले. चित्रण पूर्ण झाल्यावरही त्यांनी तेथे जाऊन वंदन केले. कामाचा आरंभ आणि शेवट दोन्ही त्यांनी संतचरणी ठेविले. आपल्या घरी नवे कार्य काढताना आपण देवापुढे विडा ठेवतो, तीच ही वृत्ती होय.

उणेपणाचे सोने कसे झाले

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला आणि सर्व शंका मावळल्या. ज्या मार्दवाची भीती वाटत होती, तेच मार्दव पडद्यावर संतपण होऊन प्रकटले. याचे कारण आपल्या भक्तिपरंपरेतच शोधावे लागेल. श्रीज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या त्या विरहिणी स्त्रीच्या मुखाने. तुकोबांनीही स्त्रीभावाने अभंग रचले आहेत. विठ्ठल हा आपल्याला पुरुषदेव असूनही आपण त्यास माउली म्हणतो आणि स्वतःला तिचे लेकरू समजतो. भक्तीच्या मंदिरात प्रवेश करावयाचा तर पुरुषी ताठा उंबऱ्याबाहेरच ठेवावा लागतो. विष्णुपंतांनी वीस-पंचवीस वर्षे रंगभूमीवर आणि गायनात ज्या कोमल भावांची उपासना केली होती, तिने त्यांच्या अंगचा हा ताठा केव्हाच विरघळून टाकला होता. इतर नटाला जे मुद्दाम आणावे लागले असते, ते त्यांच्या ठायी मुरलेले होते.

चित्रपटाच्या आरंभीचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सहज पटेल. तुकोबा शांतपणे बसून विठ्ठलाचे ध्यान करीत गात आहेत. लगेच पुढे देवळात दांभिक सालोमालो तीच रचना आपली म्हणून लोकांपुढे गातो. शब्द एकच, पण एकाच्या तोंडी ते पूजा होतात आणि दुसऱ्याच्या तोंडी प्रदर्शन. सालोमालोच्या भूमिकेत भागवत यांनी जो ठसका दाखविला, तोही अप्रतिमच. परंतु त्यामुळे विष्णुपंतांचे संथ, निश्चल गाणे अधिकच उजळते. रंगभूमीवर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास दिसावे म्हणून नटाला हातवारे मोठे करावे लागतात. चित्रपटाचा कॅमेरा मात्र पापणीची हालचालही टिपतो. रंगभूमीवर वाढलेल्या पुष्कळ नटांना हा भेद शेवटपर्यंत उमगला नाही. विष्णुपंतांना तो उमगला. भजनास बसलेला मनुष्य जसा स्वतःशी आणि देवाशी बोलतो, तसे ते कॅमेऱ्यापुढे वावरले.

जिजाईच्या भूमिकेतील गौरी यांचे नाव घेतल्यावाचून हे वर्णन पुरे होणार नाही. मुलांच्या पोटाची चिंता वाहणारी, संतापणारी, विठ्ठलालाही बोल लावणारी आणि तरीही नवऱ्यावर जीव टाकणारी ही जिजाई आपल्या कोणत्याही खेड्यातील घरात भेटेल. आजारी मुलाला ओढीत ती पायताण हाती घेऊन देवळात शिरते आणि देवालाच जाब विचारते. अशा वेळी विष्णुपंतांचे तुकोबा तिच्यावर रागावत नाहीत, तिला उपदेशाचे डोसही पाजीत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत तिच्याविषयी करुणाच दिसते. तुकोबांना मोहात पाडण्यासाठी पाठविलेल्या गणिकेशी ते ज्या निर्मळ दृष्टीने बोलतात, तीही पाहण्यासारखी आहे. स्त्रीच्या अंतःकरणात शिरून ज्याने भूमिका केल्या, त्यालाच स्त्रीकडे पाहण्याची ही दृष्टी लाभली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडविण्याचा आणि नदीतीरी निराहार बसण्याचा प्रसंग, तसेच शिवछत्रपतींनी पाठविलेला नजराणा नाकारण्याचा प्रसंग, हे आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकलेले आहेत. विष्णुपंतांच्या अभिनयामुळे ते डोळ्यांपुढे उभे राहिले. शेवटी गरुड विमान घेऊन येतो; तुकोबा जिजाईस बरोबर चलण्यास सांगतात; पण ती मुलांबाळांसाठी आणि घरासाठी मागे राहते. वैकुंठ आणि चूल यांतला हा पेच पाहून घरोघरच्या स्त्रियांचे डोळे पाणावले असतील, यात शंका नाही.

कीर्ती आणि तिचे मोल

हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशात अशी मान्यता मिळविणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. खेड्यापाड्यांतून फिरत्या तंबूत तो दाखविला गेला तेव्हा लोक चित्रपट पाहण्यास येत होते की दर्शनास, हे सांगणे कठीण होते. आठवले यांनी तुकोबांच्या शैलीत रचलेले एक गीत तर इतके एकजीव झाले की, ते तुकोबांचाच अभंग आहे अशी अनेकांची समजूत होऊन जाणत्यांनीही ते गाथेत धुंडाळले. जे त्या गीताचे झाले, तेच विष्णुपंतांचेही झाले. नट आणि संत यांतील रेषा लोकांच्या मनातून पुसली गेली. त्यांच्या रूपातील तुकोबा तसबिरींत आले, दिनदर्शिकांवर आले आणि देवघरात जाऊन बसले.

एखाद्या कलावंतास याहून मोठे यश कोणते? परंतु या यशाला एक किंमतही होती. तुकोबा झाल्यावर विष्णुपंतांना पुन्हा साधा नट होता आले नाही. त्यानंतर त्यांच्या वाट्यास बहुतेक संतांच्या आणि भक्तांच्याच भूमिका आल्या. १९३९ मध्ये रणजित मूव्हीटोनच्या ‘संत तुलसीदास’मध्ये ते तुलसीदास झाले, त्यात धारवाडात जन्मलेल्या लीला चिटणीस त्यांच्यासमवेत होत्या. १९४० मध्ये विजय भट्ट यांच्या ‘नरसी भगत’मध्ये ते जुनागढचे नरसी मेहता झाले, आणि महात्मा गांधींना अत्यंत प्रिय असलेले नरसींचे भजन त्या चित्रपटात गाइले गेले. बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी याही त्या चित्रपटात होत्या. १९४३ मध्ये ‘भक्तराज’ आणि ‘महात्मा विदुर’ हे चित्रपट आले. तारुण्यात स्त्रीवेषाने त्यांना एका चौकटीत बसविले होते. उत्तरायुष्यात संतवेषाने दुसऱ्या चौकटीत बसविले. पहिल्या चौकटीत उपेक्षेची भीती होती, दुसरीत भक्तीचे ओझे होते. ज्याच्याकडे लोक संत म्हणून पाहतात, त्यास चुकण्याची, रागावण्याची, साधा माणूस म्हणून जगण्याची मोकळीक फारशी उरत नाही. हे ओझे त्यांनी अखेरपर्यंत सौजन्याने वाहिले.

३ ऑक्टोबर १९४३ रोजी विष्णुपंतांचे निधन झाले. एकावन्नावे वर्ष पुरे होण्यास अवघा एक महिना उरला होता. तुकोबांच्या भूमिकेनंतर त्यांना उणीपुरी सात वर्षेच लाभली. त्यांचे दिग्दर्शक दामले हेही पुढे १९४५ मध्ये निवर्तले. ज्या प्रभातच्या आवारात हे सारे घडले, तेथे १९६० साली शासनाची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली आणि नव्या पिढीतील विद्यार्थी आजही हा चित्रपट अभ्यासितात.

आपण काय घ्यावे

विष्णुपंतांचे चरित्र वाचताना एक शंका भाविकांच्या मनात येणे साहजिक आहे. आपण ज्या तसबिरीस हात जोडतो, ती जर एका नटाची छबी असेल, तर आपला नमस्कार चुकीच्या ठिकाणी जातो काय? या शंकेचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. पाथरवट पाषाण घडवितो. परंतु प्राणप्रतिष्ठा झाल्यावर आपण पाथरवटास नव्हे, देवासच नमस्कार करतो. तरीही मूर्ती घडविणाऱ्या हातांची कृतज्ञता आपण विसरत नाही, निदान विसरू नये. विष्णुपंतांनी स्वतःचा देह हाच पाषाण मानला आणि त्यातून तुकोबांची मूर्ती घडविली. नमस्कार तुकोबांनाच आहे. परंतु त्या मूर्तीमागचा मनुष्य अनामिक राहणे बरे नव्हे. त्याला संत मानून त्याचे मनुष्यपण झाकणे हे जसे योग्य नव्हे, तसेच केवळ नाटक्या म्हणून त्याची उपेक्षा करणे हेही योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातील मुलांसाठी आहे. ज्या गुणाची लोक थट्टा करतात, तोच गुण योग्य स्थानी पोहोचल्यावर वंदनीय ठरू शकतो. एखादा मुलगा गातो, एखादा नकला करतो, एखादा इतर मुलांपेक्षा हळवा असतो. त्याला हिणविण्यापूर्वी चिकोडीच्या या मुलाची आठवण करावी. विष्णुपंतांनी आपले मार्दव लपविले नाही, त्याची लाज बाळगली नाही. त्यास साधनेची आणि श्रद्धेची जोड दिली. त्यामुळेच शंका घेणाऱ्यांनाही अखेर मान डोलवावी लागली.

येत्या एकादशीला तुकोबांच्या तसबिरीस हार घालताना घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवून ही कथा अवश्य सांगावी. संतचरणी वंदन करावे आणि मग क्षणभर, ज्याने त्या संताला आपल्या डोळ्यांपुढे चालते-बोलते केले, त्या आपल्याच भागातील गुणी कलावंताचेही नाव घ्यावे. कै. विष्णुपंत पागनीस यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.